'नागरिक' नावाचे पत्र आणि त्याचे मालक

(एका वाचनालयाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वाचनालयात येणारा मनुष्य वर्तमानपत्र हाती घेतो, मथळे पाहतो, अग्रलेख वाचतो, आणि त्या अग्रलेखाच्या लेखकावर रागावतो किंवा त्याची स्तुती करतो. परंतु ते पत्र कोणाच्या भांडवलावर निघते, त्या भांडवलाचे भाग कोणाकडे आहेत आणि संचालक नेमण्याचे मत कोणाच्या हाती आहे, हा विचार तो सहसा करीत नाही. हा दोष तुमचा एकट्याचा नाही, माझाही आहे. कित्येक वर्षे मी संपादकांची नावे पाठ करीत होतो आणि मालकांची नावे मला ठाऊक नव्हती.

म्हणून आज मी आपणांस दूरच्या एका देशातील एका छापखान्याची हकीकत सांगणार आहे. तो देश दक्षिण आफ्रिका, आणि तो छापखाना म्हणजे आज 'नास्पर्स' ह्या नावाने ओळखली जाणारी कंपनी. आपल्यापैकी अनेकांनी हे नाव ऐकलेले नसेल. तरीही तिचा पैसा आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचलेला आहे. तो कसा, हे मी ओघाने सांगेन. आधी हा छापखाना का निघाला ते ऐका. कारण त्याचा आरंभ ऐकताना आपणांस त्या माणसांविषयी सहानुभूती वाटेल, आणि ती वाटावी अशी माझी इच्छा आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतात सतराव्या शतकापासून डच वसाहतवाले येऊन राहिले. त्यांच्या वंशजांना बोअर, म्हणजे शेतकरी, असे म्हणत. पुढे ते स्वतःस आफ्रिकानेर म्हणवू लागले. 1899 ते 1902 ह्या काळात त्यांचे इंग्रजांशी युद्ध झाले. इंग्रज सैन्याने त्यांची शेते व घरे जाळली आणि त्यांच्या बायकामुलांना छावण्यांत कोंडले. त्या छावण्यांत रोगराईने आणि उपासमारीने सव्वीस हजारांच्या आसपास बायकामुले मेली. (काळ्या लोकांसाठी वेगळ्या छावण्या होत्या. तेथेही हजारो माणसे मेली. पण त्या मृत्यूंची मोजदाद करण्याची गरज फार काळ कोणास वाटली नाही.) युद्ध हरल्यावर त्यांच्या मुलांना शाळेत इंग्रजीतून शिकविण्याचे धोरण आले. घरात ते जी भाषा बोलत ती स्वयंपाकघरातील गावंढळ बोली समजली जाई. मोठा व्यापार, खाणी, बँका आणि मोठी वर्तमानपत्रे इंग्रजी बोलणाऱ्यांकडे होती.

1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाले. इंग्रजांच्या बाजूने शेजारच्या जर्मन वसाहतीवर चढाई करावी असे प्रिटोरियाच्या सरकारने ठरविले, तेव्हा आफ्रिकानेरांतील काही हजार लोकांनी बंड केले आणि ते मोडले गेले. केपमधील त्यांचे जुने डच पत्र सरकारच्या बाजूचे होते. आपली बाजू मांडणारे एकही पत्र आपणांजवळ नाही, ही गोष्ट त्यांच्यातील शिकलेल्या लोकांना तीव्रतेने जाणवली. डिसेंबर 1914 मध्ये केप टाऊनजवळच्या स्टेलेनबॉश ह्या लहान गावी एका वकिलाच्या घरी काही माणसे जमली आणि त्यांनी स्वतःची छापखाना-कंपनी काढण्याचे ठरविले. 1915 च्या मे महिन्यात 'नॅशनल प्रेस' अशा अर्थाचे नाव घेऊन ती कंपनी स्थापन झाली. विली हॉफमायर ह्या वकिलाने तिचा कारभार हाती घेतला. हिऱ्यांच्या खाणींत संपत्ती मिळवून शेतीकडे परतलेल्या यानी मराइस ह्या धनिकाने मोठी रक्कम घातली आणि सामान्य लोकांनी लहानलहान भाग घेतले. 26 जुलै 1915 रोजी कंपनीचे पहिले दैनिक निघाले. त्याचे नाव 'दे बर्गर', म्हणजे 'नागरिक'. पुढे त्यांच्या बोलीला भाषेचा मान मिळू लागल्यावर ते 'दी बर्गर' झाले.

मला ह्या माणसांच्या खटाटोपाची थोरवी नाकारावयाची नाही. ज्या बोलीला कोणी विचारत नव्हते तिच्यात त्यांनी दैनिक चालविले. 1916 साली 'घरचा सोबती' अशा अर्थाच्या नावाचे एक मासिक काढले, 1918 पासून पुस्तके छापण्यास आरंभ केला. त्याच वर्षी त्याच हॉफमायर यांच्या पुढाकाराने विमा कंपनीही उभी राहिली. दहा वर्षांच्या आत, 1925 साली, त्यांची भाषा राज्यभाषा झाली. अपमानित समाजाने वर्गणी जमवून आपला आवाज कसा उभा करावा ह्याचा हा उत्तम नमुना आहे, असे कोणी म्हटले तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही.

पण 'नागरिक' ह्या शब्दात कोण बसत होता, हे आता पाहा.

कंपनी स्थापन होण्यापूर्वी दोनच वर्षे, 1913 साली, त्या देशात जमिनीचा कायदा झाला. बहुसंख्य काळ्या लोकांना देशातील सुमारे सात टक्के जमीन ठेवून बाकीची जमीन विकत घेण्यासही त्यांना मनाई झाली. त्या काळ्या लोकांनीही आपले पत्र काढलेले होते, आणि ते 'दे बर्गर'च्या आधी! 1912 साली पिक्सली सेमे नावाच्या तरुण बॅरिस्टराने 'अबांतू-बाथो' हे पत्र काढले. आफ्रिकन नॅशनल काँग्रेस ज्या संघटनेतून झाली तिच्या संस्थापकांपैकी हा एक. ह्या पत्राचे नाव 'लोक' ह्या अर्थाचे दोन भाषांतील शब्द जोडून केलेले होते आणि ते इंग्रजीबरोबरच तेथील अनेक भाषांत निघे. त्यासाठी स्वाझी लोकांची राणी लाबोत्सिबेनी हिने तीन हजार पौंड दिले होते. राणीचे पैसे एकदाच आले. वाचक गरीब, जाहिराती देणारे व्यापारी गोरे. 1931 साली ते पत्र बंद पडले.

आपणांस हे ऐकून काही आठवले असेल. 31 जानेवारी 1920 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' काढले ते कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या साहाय्याने. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास पुण्याच्या एका नामांकित पत्राने नकार दिला होता, हे आपण सर्व जाणता. 'मूकनायक' 1923 साली थांबले. स्वाझी राणी आणि करवीरचे महाराज यांना एकमेकांचे नावही ठाऊक नसेल. तरी दोन्हीकडे एकच अडचण होती. लिहिणारे हात होते, वाचणारे डोळे होते, भांडवल नव्हते. 'दे बर्गर'जवळ ते होते, म्हणून ते टिकले.

'दे बर्गर'चा पहिला संपादक कोण? डॅनियल मलान. हा डच रिफॉर्म्ड चर्चचा धर्मोपदेशक. त्याने हॉलंडमध्ये धर्मशास्त्राची डॉक्टरी मिळविली होती. संपादक असतानाच तो केप प्रांतात नॅशनल पक्षाचा पुढारी झाला. 1924 साली मंत्री झाला तेव्हा त्याने संपादकपद सोडले. पक्ष आणि पत्र अशी दोन माणसे नव्हतीच; एका माणसाचे ते दोन हात होते. 1948 च्या निवडणुकीत, मते कमी पडूनही जागा अधिक मिळून, हाच मलान पंतप्रधान झाला, आणि 'अपार्थाइड', म्हणजे 'वेगळेपण', हे त्या राज्याचे अधिकृत धोरण झाले. ज्या पत्राने तेहतीस वर्षे त्या विचाराची मशागत केली होती ते आता सरकारचे मुखपत्र होऊन बसले.

1950 साली प्रत्येक माणसाची वंशवार नोंद करण्याचा कायदा आला आणि कोणत्या वस्तीत कोणी राहावे हे ठरविणारा कायदा आला. 1953 साली सार्वजनिक जागा वेगळ्या करणारा कायदा आला. त्याच वर्षी काळ्या मुलांसाठी वेगळे, कमी दर्जाचे शिक्षण ठरविणारा कायदा झाला. आपणांस पाणवठा, देऊळ आणि शाळेचा ओटा ठाऊक आहे. म्हणून ह्या कायद्यांचा अर्थ मी फोड करून सांगत नाही. इतकेच सांगतो की आपल्याकडे जे रूढीने चालत होते ते तिकडे छापील राजपत्राने चालविले, आणि आपल्या संविधानाने 1950 साली ज्या प्रथेला गुन्हा ठरविले तसल्याच प्रथेला तिकडे त्याच वर्षी कायद्याचे बळ मिळाले. आणि ह्यात कंपनीचा व्यवहार पाहा. शालेय पुस्तके छापणे हा तिचा मोठा धंदा होता, आणि आफ्रिकन भाषांतील शाळांची पुस्तके छापणारी शाखाही तिची होती. म्हणजे अग्रलेखात समर्थनही तिचे आणि पाठ्यपुस्तकावर नफाही तिचा.

1966 साली केप टाऊनमधील 'डिस्ट्रिक्ट सिक्स' ही जुनी वस्ती केवळ गोऱ्यांसाठी असल्याचे जाहीर झाले आणि पुढच्या काही वर्षांत साठ हजारांच्या आसपास माणसे तेथून उठवून वाळवंटी मैदानात नेऊन टाकण्यात आली. 'दी बर्गर' त्याच शहरातून निघत असे. तेथून उठविलेल्या लोकांतील पुष्कळ जणांची घरची भाषा तीच होती जी 'दी बर्गर'ची भाषा होती. ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. आफ्रिकान्स बोलणाऱ्यांत निम्म्याहून अधिक लोक गोरे नाहीत. ती भाषा गुलामांनी, मजुरांनी आणि मिश्र वंशाच्या लोकांनीही घडविली. भाषेचा उद्धार करण्यासाठी निघालेल्या पत्राने त्या भाषेच्या निम्म्या लेकरांना घराबाहेर ठेवले. पुढे त्या वाचकांसाठी पत्राने वेगळी आवृत्ती काढली. वाचकाचा पैसा चाले, पण त्याचे पान वेगळे!

आता न्यायाने बोलावयाचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या कंपनीत सगळेच आंधळे नव्हते. 1960 च्या मार्च महिन्यात शार्पव्हिल येथे पोलिसांनी गोळीबार करून 69 माणसे मारली. त्यानंतर 'दी बर्गर'चा संपादक पीट सिलिए याने मिश्र वंशाच्या लोकांना पार्लमेंटात स्वतःचे प्रतिनिधी पाठविता यावेत असे मांडले. पंतप्रधान फर्वुर्टने ते धुडकावले आणि पत्र गप्प बसले. काळ्यांच्या हक्कांचा तर त्यात प्रश्नच नव्हता. 1981 साली ह्याच कंपनीच्या 'बील्ड' ह्या जोहान्सबर्गच्या दैनिकाचा संपादक टॉन फोसलू याने लिहिले की सरकारला एक दिवस आफ्रिकन नॅशनल काँग्रेसशी बोलावे लागेल. त्या काळी हे धाडसच होते. हाच फोसलू पुढे कंपनीचा प्रमुख झाला. ही माणसे प्रामाणिक असतील. परंतु त्यांनी सत्ताधाऱ्यांना समजावले ते घरातल्या माणसाने घरातल्या माणसाला समजवावे तसे. दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाशी ते बोलत नव्हते.

ह्यानंतर कंपनीचा पसारा वाढू लागला. 1984 साली तिने 'ड्रम' मासिक आणि 'सिटी प्रेस' हे रविवारचे पत्र विकत घेतले. 'ड्रम' 1951 साली निघाले होते. हेन्री न्क्सुमालो हा त्याचा वार्ताहर शेतांवरील वेठबिगार उघडकीस आणण्यासाठी स्वतः मजूर म्हणून तेथे राबला, आणि तुरुंगातील हाल लिहिण्यासाठी स्वतः तुरुंगात गेला. काळ्या शहरी जीवनाचे ते जिवंत पत्र होते. अशा पत्रांची मालकी आता त्या कंपनीकडे गेली, जिच्या पहिल्या संपादकाने अपार्थाइड राज्यावर आणले होते. त्या पत्रांत काळे संपादक काम करीत राहिले आणि पुष्कळदा निर्भीडपणे लिहीत राहिले, हेही खरे. मात्र पगाराच्या चिठ्ठीवर वरचे नाव बदलले होते.

1985 साली कूस बेकर ह्या तरुणाच्या योजनेवरून वर्गणी भरून पाहण्याची दूरचित्रवाणी वाहिनी स्थापन झाली. अमेरिकेत शिकत असताना त्याने तसली वाहिनी पाहिली होती. पुढे 1993 साली त्या धंद्यातून 'मल्टिचॉईस' ही कंपनी निघाली आणि आफ्रिका खंडाच्या अनेक देशांत पसरली. छापखान्यापेक्षा पडदा अधिक पैसे देऊ लागला. एवढेच ह्या भागाविषयी पुरे आहे. कारण मला ज्या ठिकाणी आपणांस थांबवायचे आहे ते 1994 हे वर्ष.

27 एप्रिल 1994 रोजी दक्षिण आफ्रिकेत सर्व वंशांच्या लोकांनी पहिल्यांदा एकत्र मतदान केले. म्हाताऱ्या स्त्रिया पहाटेपासून रांगेत उभ्या होत्या. एक माणूस, एक मत. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात ही कंपनी जोहान्सबर्गच्या शेअरबाजारात आली आणि तिचे भाग कोणासही विकत घेता येऊ लागले. पण जे भाग बाजारात आले ते 'एन' वर्गाचे. त्या प्रत्येक भागाला एक मत. 'ए' वर्गाचे भाग मात्र बाजारात आले नाहीत. 'ए' वर्गाच्या एकेका भागाला एक हजार मते!

हे समजण्यास अवघड वाटत असेल तर आपल्या गावच्या सोसायटीचे उदाहरण घ्या. शंभर सभासदांनी प्रत्येकी सारखी रक्कम भरून शंभर भाग घेतले. नफा सर्वांना सारखा वाटावयाचा. परंतु पोटनियमात असे लिहून ठेवले की पाटलांच्या घरच्या तीन भागांना हजार-हजार मते असतील आणि उरलेल्या सत्त्याण्णव भागांना एकेक. आता वार्षिक सभा भरली. सत्त्याण्णव हात वर झाले, मते झाली सत्त्याण्णव. पाटलांचे तीन हात वर झाले, मते झाली तीन हजार. सभा रीतसर झाली, ठराव रीतसर झाला, कोणावर काठी उगारली गेली नाही. नास्पर्समध्ये 'एन' भागांची संख्या पुढे चाळीस कोटींच्या वर गेली आणि 'ए' भाग दहा लाखांहूनही कमी राहिले. तरी मतांचे पारडे 'ए'कडेच झुकले. त्या 'ए' भागांचा बहुतांश नास्बेल आणि केरोमस्ट्राट 30 अशा दोन खाजगी कंपन्यांच्या ताब्यात राहिला. दुसऱ्या कंपनीचे नाव केप टाऊनमधील एका रस्त्यावरून आहे.

कंपनीचे ह्यावर उत्तर असे की परक्या धनाढ्याने बाजारातून भाग गोळा करून वर्तमानपत्रांचे स्वातंत्र्य गिळू नये म्हणून ही तटबंदी आहे. हे उत्तर सर्वस्वी खोटे नाही. जगात अनेक वर्तमानपत्रे अशी गिळली गेली आहेत. परंतु तटबंदी कोणाचे रक्षण करते हे तटाच्या आत कोण राहतो ह्यावर ठरते. ज्या वर्षी देशाच्या कारभारात एका माणसाला एक मत मिळाले, त्याच वर्षी देशातील सर्वांत मोठ्या आफ्रिकान्स छापखान्यात मते आणि भांडवल यांची फारकत झाली. राजकारणात समता आणि आर्थिक व्यवहारात विषमता असा विरोध किती काळ चालेल, असा प्रश्न आपल्या घटना समितीत 25 नोव्हेंबर 1949 रोजी विचारला गेला होता. तो कोणी विचारला हे मी तुम्हांस सांगण्याची गरज नाही.

1998 साली कंपनीने 'नास्पर्स' हे आटोपशीर नाव घेतले. 2001 साली तिने चीनमधील शेन्झेन शहरातील एका लहान कंपनीचे 46.5 टक्के भाग सुमारे 3 कोटी 20 लाख डॉलरना घेतले. त्या कंपनीचे नाव टेन्सेंट. संगणकावरून निरोप पाठविण्याची सोय ती करीत असे, आणि तिला नफा कसा मिळेल हे कोणास नीट ठाऊक नव्हते. ती कंपनी पुढे जगातील अतिश्रीमंत कंपन्यांत जाऊन बसली. 2018 साली नास्पर्सने त्यातील केवळ दोन टक्के भाग विकले, त्यांचे 980 कोटी डॉलर आले. म्हणजे मूळ सगळ्या रकमेच्या तीनशेपट. 2021 साली आणखी दोन टक्के विकले, त्यांचे 1470 कोटी डॉलर आले. 2019 साली हा परदेशचा सर्व व्यवहार 'प्रोसस' नावाच्या वेगळ्या कंपनीत घालून ती ॲमस्टरडॅमच्या बाजारात नोंदविण्यात आली. वर्षाच्या आरंभीच मल्टिचॉईस वेगळी काढली होती. 2021 साली नास्पर्स आणि प्रोसस यांनी एकमेकींचे भाग अशा रीतीने धरले की कोण कोणाची मालकीण हे हिशेबनिसांनाही उलगडेना. तो गुंता 2023 साली सोडविण्यात आला. दाराशी अन्न घेऊन येणारा जो नारिंगी सदऱ्यातील पोरगा आपण पुण्या-मुंबईत रोज पाहता, त्याची 'स्विगी' कंपनी नोव्हेंबर 2024 मध्ये शेअरबाजारात आली तेव्हा तिची सर्वांत मोठी भागधारक हीच प्रोसस होती. त्यापूर्वी 2012 साली नास्पर्सने 'फ्लिपकार्ट'मध्ये पैसे घातले होते आणि 2018 साली ते भाग 220 कोटी डॉलरना विकले. मी म्हणालो होतो की तो पैसा आपल्या दारापर्यंत आला आहे, तो असा.

मग ज्यांच्या वाट्याला अपार्थाइड आले त्यांना ह्या संपत्तीतून काय मिळाले? 2006 साली केवळ काळ्या लोकांसाठी दोन योजना निघाल्या. एकीतून मल्टिचॉईसच्या दक्षिण आफ्रिकेतील धंद्याचे वीस टक्के भाग त्यांना घेता आले, भाव दहा रँड. ज्यांनी ते घेतले त्यांना चांगला लाभांश मिळाला. अनेक शिक्षकांनी, परिचारिकांनी, कारकुनांनी मुलांच्या शिक्षणाचा खर्च त्यातून काढला असेल, आणि त्याचे मोल मी कमी करणार नाही. दुसरीतून वर्तमानपत्रांच्या शाखेचे, 'मीडिया 24' हिचे, भाग मिळाले. तेथे छापील पत्रांचा धंदा खाली येत गेला आणि भागधारकांच्या हाती निराशा आली. दोन्ही योजनांत एक गोष्ट समान होती. भाग मिळाले ते फांद्यांचे. बुंधा जिथे आहे, जिथे एका भागाला हजार मते आहेत, तिथे त्यांना जागा नव्हती.

आणि वर्तमानपत्रे? 2002 साली काळ्या कामगारवर्गासाठी काढलेले 'डेली सन' एका काळी रोज पाच लाखांच्या आसपास खपे, आणि देशातील सर्वाधिक खपाचे दैनिक होते. 2024 साली मीडिया 24 ने 'बील्ड', 'रॅपोर्ट', 'सिटी प्रेस' आणि 'डेली सन' ह्यांचे छापील अंक बंद करण्याचा बेत जाहीर केला. 'सिटी प्रेस'चा छापील अंक त्याच वर्षाच्या अखेरीस थांबला. हजारो कोटींचा व्यवहार असलेल्या घराला मूळ छापखाना जड झाला. घराला पत्राची गरज उरली नाही, वाचकाला मात्र होती, पण वाचकाचे मत त्या सभेत मोजले जात नाही.

शेवटी एका हिशेबाविषयी बोलून मी आपली रजा घेतो.

1997 च्या सप्टेंबरमध्ये तेथील सत्य आणि सलोखा आयोगापुढे वर्तमानपत्रांची सुनावणी झाली. अपार्थाइडच्या काळात तुम्ही काय केले, असा प्रश्न आयोगाने सर्व पत्रांना विचारला. नास्पर्सने त्या सुनावणीत भाग घेण्यास नकार दिला. आपला अधिकृत इतिहासग्रंथ तेवढा आयोगाकडे पाठवून दिला. तेव्हा तिच्याच पत्रांत काम करणाऱ्या शंभराहून अधिक पत्रकारांनी कंपनीची वाट न पाहता स्वतःच्या सहीने आयोगाकडे निवेदने धाडली आणि आपल्या वाट्याच्या दोषाबद्दल क्षमा मागितली. ह्यातील पुष्कळ जण पगारदार होते, त्यांच्या वरिष्ठांना हे रुचलेले नव्हते. घरी लहान मुले असतील, घराचे हप्ते असतील. तरी त्यांनी सही केली. मला त्या माणसांविषयी मोठा आदर वाटतो. परंतु हेही पाहिले पाहिजे की ज्यांच्या हाती एकही 'ए' भाग नव्हता त्यांनी क्षमा मागितली, आणि ज्यांच्या हाती ते सर्व होते त्यांनी ग्रंथ पाठविला.

मालकांच्या बाजूने शब्द निघण्यास आणखी अठरा वर्षे लागली. 25 जुलै 2015 रोजी केप टाऊन येथे कंपनीचा शतकमहोत्सव झाला. तेथे मीडिया 24 च्या प्रमुख एस्मारे वाइडमन यांनी जाहीर क्षमा मागितली. एका असमर्थनीय राजवटीशी कंपनीने साथ केली आणि त्याचे दुःख कंपनीच्या वार्ताकक्षांतही माणसांना भोगावे लागले, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. जुन्या अधिकाऱ्यांपैकी काहींना ते रुचले नाही.

'दी बर्गर'मध्ये सुरुवातीच्या काळात नोकरीस लागलेल्या मोजक्या कृष्णवर्णीय पत्रकारांत कॉनराड सिडेगो हे एक होते. पुढे ते आपल्या देशाचे डेन्मार्कमधील राजदूत झाले. ज्या वर्षी ही क्षमा मागितली गेली त्या वर्षी ते एका गावचे महापौर होते. ते गाव स्टेलेनबॉश. डिसेंबर 1914 मध्ये वकिलाच्या घरी ती बैठक जेथे भरली होती, तेच.